शीतलच्या कुरडया आणि चार इंजिनांचं विमान

"तुमी जा निवांत बस्त्याला, कुरडया मी राखतो," असं रविंद्र म्हणाला आणि घरातल्या तिन्ही बायका हातातलं काम टाकून त्याच्याकडं बघायला लागल्या.

त्याच्या बायकोला, करुणाला, नवऱ्याच्या तोंडून 'मी करतो' हे शब्द ऐकायची सवय नव्हती. (एकदा ऐकले होते. तेव्हा त्यानं नळाची तोटी बदलली होती आणि शेजारच्या बेबीबाईच्या घरातसुद्धा पाणी शिरलं होतं.)

"सकाळी तर पाठ दुखते म्हणून राहिले होते," ती म्हणाली.

"म्हणून तर! पाठीमुळं जीपमधी बसवत न्हाई. गच्चीवर बसवतं."

हे ऐकून सासूबाईंचे, म्हणजे जनकाबाईंचे, डोळे भरून आले. "बघ करुणा," त्या म्हणाल्या, "तू उगं बोलतीस त्याहीला. जावई न्हाई, लेक हाय माझा." रविंद्रनं खाली मान घातली. लाज वाटली म्हणून नव्हे, हसू आलं म्हणून.

आता ह्या कुरडयांचं महत्त्व काय ते आधी सांगायला पाहिजे. करुणाची धाकटी बहीण शीतल हिचं लग्न ठरलं होतं कळमनुरीला. साखरपुड्यात तिथल्या विहीणबाईंनी जनकाबाईंच्या हातची कुरडई तोंडात टाकली, डोळे मिटले आणि भर मांडवात जाहीर केलं, "लग्नाच्या पंगतीला ह्याच कुरडया पाहिजेत बरं का. मी माझ्या समद्या पाव्हण्यांना सांगून ठेवते." झालं! त्या दिवसापासून जनकाबाईंना दुसरं काही सुचेना. लग्नात बाकी काय होईल ते होवो, कुरडई पांढरीशुभ्र, जाळीदार आणि तळली की ताटभर फुलणारी पाहिजे. डोंगरकडा गावातल्या त्यांच्या घराला पत्रे, वाळवण घालायचं कुठं? आणि इकडं जवळा बाजार गावात जावयानं नुकताच स्लॅब टाकलेला. म्हणून म्हातारी गव्हाचं पोतं घेऊन लेकीकडं आली. तीन दिवस गहू भिजवले, रोज पाणी बदललं, वाटले, चीक काढला. रविवारी पहाटे उठून तो शिजवला आणि तिघींनी मिळून ऊन वर यायच्या आत अख्खी गच्ची कुरडयांनी भरून टाकली. जुन्या सुती साड्या अंथरून त्यांवर ओळीनं कुरडया. बघत राहावं असं दृश्य होतं ते.

आणि नेमका त्याच दिवशी हिंगोलीला बस्ता. दोन्हीकडच्यांनी मिळून लग्नाचे कपडे घ्यायचे म्हणजे बायकांना गेल्यावाचून गत्यंतर नाही. मग कुरडयांपाशी कोण? पूर्णेच्या काठच्या झाडांवरून वानरांची टोळी हल्ली रोज गावात येत होती. तिचा म्होरक्या एक दांडगा नर होता, काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा. सगळं गाव त्याला हुप्प्या म्हणायचं.

"दाजी, नक्की ना?" जीपमध्ये चढता चढता शीतलनं विचारलं. पोरीच्या तोंडावर काळजी होती. "माझ्या सासूनं साऱ्या गावात सांगून ठेवलंय."

"अगं, मी आहे ना!"

"तुमी आहात म्हणूनच म्हणते," करुणा म्हणाली. "ऐका. येऊन बघीन मी. राखण झाली न्हाई, तर ते तुमचं विमान कॉम्प्युटरसकट भंगारवाल्याच्या गाड्यावर घालीन. आई, तू साक्षीला हायेस."

जीप गेली. धूळ खाली बसायच्या आत रविंद्र घरात पळाला. पाठीचं दुखणं जीपबरोबर हिंगोलीला गेलं होतं.

कारण त्या रविवारी अकरा वाजता बॉम्बर येणार होते.

हे विमान प्रकरण असं होतं. दोन हजार पाच साल. रविंद्र धरणाच्या ऑफिसात बाबू. त्यानं हप्त्यानं कॉम्प्युटर घेतला, फोनच्या वायरीवरून इंटरनेट जोडलं (जोडताना फोन असा केकाटायचा की बेबीबाईची म्हैस दूध चोरायची) आणि त्याला तो खेळ सापडला. जुन्या महायुद्धातली विमानं. कुठली कुठली माणसं आपापल्या घरी बसून एकाच आभाळात उडायची. काही जण चार इंजिनांची अवजड बॉम्बर घेऊन यायचे आणि बाकीच्यांनी चिमुकली लढाऊ विमानं घेऊन ती पाडायची. रविंद्रच्या तुकडीचा कॅप्टन पुण्याचा होता. एरवी त्याचं औषधांचं दुकान होतं, पण रविवारी तो कॅप्टन असायचा. रविंद्रचं तिथलं नाव 'हिंगोली'. जिल्ह्याचं नाव उज्ज्वल करावं म्हणून त्यानं ते घेतलं होतं आणि गेले कित्येक महिने जिल्हा दर रविवारी पेट घेऊन खाली पडत होता.

त्यात दोष त्याच्या नशिबाचा नव्हता, सवयीचा होता. रविंद्रचं निम्मं आयुष्य एसटीच्या मागं धावण्यात गेलेलं. मोठं काही पुढं जाताना दिसलं की त्याला मागून पळत जाऊन ते गाठावंसं वाटायचंच. बॉम्बर दिसला की गडी लागला त्याच्या शेपटीमागं. आणि बॉम्बरच्या शेपटीतच तर बंदूकवाला बसलेला असतो.

"अरे हिंगोली," कॅप्टन टाइप करून सांगायचा, "त्या शेपटीतल्या माणसाची आता तुझ्याशी ओळख झाली असेल. मागून जायचं नाही. बाजूनं, लांबून पुढं निघून जा. त्याच्यापेक्षा उंच चढ. मग वळ आणि समोरून, वरून खाली ये. तो काचेत मावेनासा झाला की बटण दाब, त्याच्या पोटाखालून नीघ आणि मागं वळून बघू नकोस. आणि हात स्थिर ठेव. तू फार करतोस रे. कमी कर."

'तू फार करतोस' हे वाक्य रविंद्रनं लहानपणापासून बऱ्याच जणांकडून ऐकलं होतं. ह्यावेळी मात्र कॅप्टननं निर्वाणीचं सांगितलं होतं. आज एकतरी बॉम्बर पाड, नाहीतर पुढच्या रविवारपासून तू आमच्या बॉम्बरमध्ये शेपटीत बस.

आता कॉम्प्युटर खाली आणि कुरडया वर. रविंद्रनं डोकं लढवलं. (इथंच सगळं बिघडलं.) त्यानं कॉम्प्युटरच वर नेला. तो अवजड, मडक्याएवढ्या पोटाचा मॉनिटर छातीशी धरून जिना चढताना त्याला दोनदा जनकाबाई आठवल्या आणि एकदा खुद्द बुद्ध. मग कॉम्प्युटरची पेटी, मग स्पीकर, मग नांदेडहून आणलेली ती लाल बटणाची जॉयस्टिक. फोनची आणि विजेची वायर खिडकीतून वर ओढली. बाज आडवी उभी केली, तिच्यावर वाकळ टाकली, झाला तंबू. एक डोळा आभाळावर, एक डोळा कुरडयांवर. अकराच्या ठोक्याला 'हिंगोली' हवेत होता.

आणि काय सांगावं, त्या दिवशी सगळं बराबर जमत गेलं. रविंद्र शहाण्या पोरासारखा बाजूनं गेला. उंच चढला. लांब, खाली, बॉम्बरांचे ठिपके दिसले. मागं पळायची अशी काही उबळ आली म्हणता, पण त्यानं मांडीला चिमटा काढून ती आवरली. पुढं निघून गेला, वळला, नाक त्यांच्याकडं केलं.

"शाब्बास हिंगोली," कॅप्टनचं वाक्य पडद्यावर उमटलं. "आता फक्त धरून ठेव. काही करू नकोस."

रविंद्रनं श्वास रोखला आणि मागं 'हुप्प' असा आवाज झाला.

वाकळ बाजूला करून बघतो तर कठड्यावर टोळी! मधोमध हुप्प्या. त्यानं खाली उतरून, एखादा जाणता माणूस बाजारात माल बघतो तशी एक कुरडई अलगद कडेनं उचलली, वास घेतला आणि खाल्ली. बाकीच्यांनीही एकेक उचलली. कुठं आदळआपट नाही, सांडलवंड नाही. खरं म्हणजे रविंद्र तसाच बसून राहिला असता तर आठ-दहा कुरडया जाऊन विषय संपला असता.

पण त्याच्या डोळ्यांपुढं शीतलचं तोंड आलं. मग जनकाबाईंचं 'लेक हाय माझा'. मग भंगारवाल्याचा गाडा. विमान आपोआप सरळ उडत राहायचं एक बटण असतं, ते त्यानं दाबलं, वाळवणाची काठी उचलली आणि तो तंबूतून बाहेर पडला.

दुसऱ्या कुणी काठी आपटून 'हाड' केलं असतं. रविंद्रच्या डोक्यात मात्र विमान चालू होतं. मागून जायचं नाही! आधी उंची! तो पाण्याच्या काळ्या टाकीवर चढला. सूर्य पाठीशी घेतला. वानरं मान वर करून त्याच्याकडं बघायला लागली. त्यांनी गावात पुष्कळ माणसं पाहिली होती, पण हा प्रकार नवा होता.

"याऽऽऽ!" असं ओरडून रविंद्रनं वरून उडी घेतली आणि तो थेट समोरून टोळीवर धावून गेला.

डाव अगदी शास्त्रशुद्ध होता. खोट एवढीच, की आभाळात कुरडया वाळत घातलेल्या नसतात. तो टोळीच्या मधून आरपार निघून गेला आणि सांगितल्याप्रमाणं मागं वळून न बघता पुढच्या कठड्यावर आदळला. तिथं गच्ची संपली होती. मग आता काय? पुन्हा उंची, पुन्हा हल्ला. परत टाकी, परत उडी, परत ओल्या कुरडयांवरून धावणं. वानरं पहिल्याच फेरीला बाजूच्या लिंबाच्या झाडावर जाऊन बसली होती आणि तिथून हातातल्या कुरडया खात कुस्त्या बघायला आल्यासारखी बघत होती. इकडं रविंद्र रिकाम्या गच्चीवर हल्ले चढवतोय! त्याला वाटत होतं, आपण फत्ते करून राहिलो.

चौथ्यांदा टाकीवर चढल्यावर त्यानं टोळी मोजली. एक कमी भरला.

हुप्प्या तंबूत बसला होता.

रविंद्र दबक्या पावलांनी जवळ गेला. हुप्प्या त्याच्याच पाटावर, त्याच्याच ऐटीत. डाव्या हातात कुरडई, उजवा हात जॉयस्टिकवर. डोळे पडद्यावर. पडद्यावर बॉम्बर मोठा मोठा होत होता. ओरडावं तर हा जॉयस्टिक उपटून नेणार, न ओरडावं तर करावं काय? आणि खरी जिवाला लागणारी गोष्ट म्हणजे हुप्प्याचा हात स्थिर होता. इतका स्थिर की कॅप्टननं बघितलं असतं तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. रविंद्रच्या हातात ती जॉयस्टिक नेहमी मिरगी आल्यासारखी नाचायची.

बॉम्बर पडद्यात मावेनासा झाला. तेवढ्यात हुप्प्याला काठी घेतलेला रविंद्र दिसला आणि त्यानं दचकून मूठ आवळली. धडधडधड! स्पीकर गरजले. बॉम्बरचा पंख मुळापासून निखळला. त्या आवाजानं हुप्प्यानं अशी काही उडी मारली, की लाथेनं जॉयस्टिक पुढं ढकलली गेली आणि 'हिंगोली' बॉम्बरच्या पोटाखालून झकास निघून गेला. हुप्प्याही डोक्यावर वाकळ घेऊन कठडा ओलांडून गेला. मागं वळून बघितलं नाही त्यानं.

पडद्यावर मजकुरांचा पाऊस पडला. "हिंगोलीऽऽ!" "वा रे वाघा!" "हे असं करायचं असतं, बघा रे सगळ्यांनी," कॅप्टननं लिहिलं. "हिंगोली, आज तू माणसात आलास."

रविंद्र उत्तर काय द्यावं ह्या विचारात होता, तेवढ्यात खाली जीप थांबली. साड्या पहिल्याच दुकानात पसंत पडल्या होत्या.

जनकाबाई पहिल्यांदा वर आल्या. मागून करुणा, मागून शीतल. तिघीही जिन्याच्या तोंडाशी थबकल्या. कुरडयांचा चेंदा. मध्ये उभा केलेला मॉनिटर. आणि काठी टेकून उभा जावई.

"वानरं!" रविंद्र म्हणाला. "मामी, काय सांगू तुमाला, मोठी टोळी होती!"

जनकाबाई पुढं आल्या. खाली बसल्या, साडी निरखून बघितली.

"जावईबापू, वानरं चपला घालून राहिली का आजकाल?"

रविंद्रनं खाली बघितलं. त्याच्या दोन्ही चपलांच्या तळव्यांना कुरडयांचा बोटभर थर बसला होता. तो दोन इंच उंच दिसत होता.

"वानरांनी खाल्ल्या त्या इथून, कडच्या," म्हातारी ओळीवरून बोट फिरवत म्हणाली. "नीट उचलून खाल्ल्या माझ्या राजांनी. बाकी समद्या तुमी तुडवल्या. पर काहून? मला एवढंच सांगा, काहून?"

"मामी, वरून हल्ला करायचा होता."

"कुरडयांवर?"

शीतल जिन्यातच बसली आणि तिनं ओढणी तोंडाला लावली. "माझ्या सासूला काय सांगू मी आता?" ती म्हणाली, आणि तेव्हा मात्र रविंद्रनं हातातली काठी खाली ठेवली. पोरीचा एवढा एक हट्ट होता, आणि तो आपण चपलेखाली घेतला. त्याला खरोखर रडू यायला लागलं.

करुणा सरळ कॉम्प्युटरकडं निघाली होती. तिला म्हातारीनं थांबवलं.

"थांब. अर्धं पोतं गहू हाय अजून. पुन्हा घालू कुरडया. अन ह्या बारीला अर्ध्या जावईबापू करतील. भिजवण्यापासून वाळवण्यापर्यंत, सोता. समद्या सुखरूप वाळल्या तर राहू दे त्याहीचं डबडं. न्हाई वाळल्या तर दे भंगारात."

मग रविंद्रनं रजा टाकली आणि गहू भिजवले. पाणी दिवसातून एकदा बदलायचं, ह्यानं चारदा बदललं. चीक शिजवताना सतत हाटायचा असतो, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. ह्यानं इतका हाटला की निम्मा चुलीत गेला आणि उरलेल्यात गुठळ्या झाल्या त्या झाल्याच. मीठ त्यानं एकदा अंदाजानं घातलं आणि एकदा भरवशासाठी घातलं. सोऱ्या फिरवून फिरवून दंड भरून आले. एवढं करून ज्या पडल्या त्यांना कुरडया म्हणायचं की काय म्हणायचं, ह्यावर बेबीबाई आणि करुणात बराच वेळ चर्चा झाली.

जनकाबाईंनी त्यातली एक जिभेवर ठेवली. बराच वेळ त्या आभाळाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "असू द्या. ह्या कडेनं घाला. माझ्या मधी घालते."

तसं केलं. चारही कठड्यांच्या कडेनं जावयाच्या कुरडया, मध्ये म्हातारीच्या. रविंद्र काठी घेऊन बसला. ह्यावेळी त्याला ताकीद होती, की जागचं हलायचं नाही, काहीही झालं तरी काही करायचं नाही.

दहाच्या सुमाराला टोळी आली. हुप्प्या पुढं. त्यानं रविंद्रकडं ओळखीचं बघितलं, कठड्यावरून उतरला आणि कडेची एक कुरडई उचलून तोंडात टाकली.

चावता चावता तो थांबला. त्यानं ती हातावर काढली. उलटसुलट करून बघितली. मग जिथून उचलली होती तिथंच ठेवली, रविंद्रकडं एकवार बघितलं आणि कठड्यावर चढला. बाकीच्यांनीही एकेक चाखली, थुंकली आणि सगळी टोळी लिंबावरून, बेबीबाईच्या छपरावरून, नदीकडं निघून गेली. तहान लागली असणार बिचाऱ्यांना. त्यानंतर त्या आळीत वानर दिसलं नाही.

जनकाबाईंच्या कुरडयांतली एकही हलली नाही. लग्नात पंगतीला त्या अशा फुलल्या, की विहीणबाईंनी उठून जनकाबाईंचा हात धरला आणि शीतल भरल्या डोळ्यांनी हसत होती. कॉम्प्युटर वाचला. म्हातारी तर येईल त्याला कौतुकानं सांगत होती, "राखण जावयाची हो! त्याहीच्या हाताला गुणच तसा हाय."

पुढच्या रविवारी रविंद्र हवेत गेला, बॉम्बर दिसला, मागं धावला आणि पेट घेऊन खाली पडला. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच झालं. शेवटी कॅप्टनला राहवेना. "हिंगोली, खरं सांग, त्या दिवशी कोण उडवत होतं?"

रविंद्र प्रामाणिक माणूस. त्यानं सगळं लिहून टाकलं. मग उत्तर आलं, "मग त्यालाच बसव ना रे रोज!"

"न्हाई येत तो आता," रविंद्रनं लिहिलं. "माझ्या हातची कुरडई खाल्ली त्यानं."